मिनिटाला पाच सेंटिमीटर

इंझोरी, जि. वाशीम
रविवार, २२ सप्टेंबर २०२४

प्रिय जिनेश,

आज सकाळी सहाला उठलो. पाणी भरलं. दहापर्यंत सातवीच्या गणिताच्या वह्या तपासल्या. दुपारी दोनच्या सुमारास पाऊस आला, अर्धा तास राहिला. आई झोपली होती, तुझी निता वहिनी शेजारी गेली होती. तेव्हा अमरदीपची बॅग उघडली. तुम्ही कारखान्यातून पाठवली तेव्हापासून ती पलंगाखाली तशीच होती.

बॅगेत कपडे, दाढीचं सामान, एक टॉर्च आणि एक घडी घातलेला कागद निघाला. कागदावर त्याच्या अक्षरात पेन्सिलीनं फक्त ‘५० मिमी/मिनिट’ असं लिहिलं आहे. बाकी काही नाही.

माझा भाऊ नऊ वर्षं तिथं ॲल्युमिनियमच्या ओतशाळेत होता. कोणी विचारलं तर मी ‘कारखान्यात आहे’ एवढंच सांगत असे. मी शाळेत विज्ञान शिकवतो, पण तो नेमकं काय करतो हे त्याला कधी विचारलं नाही. १६ ऑगस्टला करवतीवर मोठा ठोकळा फुटला आणि त्याचा तुकडा अमरला लागला, एवढंच आम्हाला सांगण्यात आलं. तो ठोकळा १३ तारखेला त्याच्याच पाळीत ओतला होता, हे तू अंत्यविधीच्या दिवशी बोलला होतास.

तू त्याच्याबरोबर वाशीमला शिकलास, बरोबर नोकरीला लागलास, म्हणून तुला विचारतो. ठोकळा ओततात कसा? त्यात अमरचं काम काय होतं? १३ तारखेला ओतणं किती वाजता सुरू झालं? आणि कागदावरचा आकडा कशाचा आहे?

फोनवर मला नीट बोलता येत नाही. मोबाइलवर लिहिलेलं कुठं कुठं फिरतं, म्हणून पत्र लिहिलं. सवडीनं उत्तर दे.

तुझा,
राजपाल राठोड


कारखाना वसाहत
३ ऑक्टोबर २०२४

आदरणीय राजपालभाऊ,

जय जिनेंद्र. पत्र हातात पडलं तेव्हा पोस्टमन माझ्याकडे बघत राहिला. इथं हातानं लिहिलेलं पाकीट कोणाला येत नाही. चार दिवस टेबलावर ठेवलं, मग आज बसलो.

तुम्हाला वाटत असेल की धातू साच्यात ओतला, थंड झाला, काढला. तसं नाही. आमच्या साच्याला तळ नसतो. ती एक चौकट असते, आतून पाणी फिरतं. खाली एक पाट असतो, तो चौकटीत बसवलेला. वितळलेला धातू भट्टीतून पन्हळीनं येतो आणि चौकटीत पडतो. कड गोठली की पाट हळूहळू खाली खड्ड्यात उतरू लागतो, वरून धातू येत राहतो, बाजूंनी पाण्याचा मारा चालू. असं करत पाच मीटर लांबीचा ठोकळा खड्ड्यात उभा तयार होतो. कागदावरचा आकडा पाट उतरण्याचा वेग आहे, मिनिटाला पाच सेंटिमीटर. अमर नव्या पोरांना सांगायचा, ‘हे म्हशीची धार काढन्यासारखं हाये. घाई केली का लाथ बसते.’

आता दाण्याचं सांगतो, कारण त्याचं काम त्याच्याशी होतं. धातू एकदम गोठत नाही. पातळ धातूत जागोजागी दाणे धरतात, वाढतात, एकमेकांना टेकले की थांबतात. जितक्या जास्त जागी सुरुवात होईल तितके दाणे बारीक राहतात. बारीक असले तर ठोकळा सगळीकडून सारखा आकसतो. मोठे झाले तर गोठताना त्यांच्या मधल्या फटी उघडण्याची भीती. म्हणून पन्हळीतल्या धातूत टायटॅनियम आणि बोरॉन असलेली एक तार मशीननं सतत सोडतात. ती विरघळते आणि तिच्या कणांवर दाणे धरतात. तार असली तर दाणे रव्यासारखे. नसली तर तुरीसारखे, कधी त्याहून मोठे. ती तार नीट चालू आहे की नाही हे बघणं, वेटोळं संपत आलं की दुसरं जोडणं, हे १३ तारखेला अमरकडे होतं. ओतणं संध्याकाळी ६.४० ला सुरू झालं.

चौकशीचा अहवाल यायचा आहे. मी १६ ला करवतीजवळ नव्हतो, लॅबमध्ये होतो.

भाऊ, एक विचारू का? हे कोर्टासाठी तर नाही ना? तुमचा हक्क आहे, मी नाही म्हणत नाही. पण माझं नाव कुठं येऊ देऊ नका. कारंज्याला बाबूजींची तब्येत बरी नाही, घरात कमावणारा मी एकटा.

मातोश्रींना नमस्कार.

जिनेश


इंझोरी
रविवार, १३ ऑक्टोबर २०२४

प्रिय जिनेश,

कोर्टाचा विचार नाही. मी हे कोणालाही दाखवणार नाही.

इथं सोयाबीनची काढणी चालू आहे. मजूर मिळत नाहीत म्हणून शाळा सुटल्यावर मीही शेतात जातो. काल दसरा होता. आम्ही केला नाही. शेजारचे सोनं द्यायला आले, आईनं घेतलं आणि कोनाड्यात ठेवून दिलं.

हे लिहीत होतो तेव्हा आई येऊन उभी राहिली. म्हणाली, ‘कोनाले लिहून राह्यला एवढं?’

‘जिनेशले.’

‘तो बिनालसनाचा?’ तू यायचास तेव्हा ती तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी वेगळी कुटायची, ते तिच्या लक्षात आहे. ‘त्याले म्हना, अमर नाही म्हून येनं सोडू नोको.’

निरोप दिला.

तुझं पत्र मी तीन-चार वेळा वाचलं. मिनिटाला पाच सेंटिमीटर आणि लांबी पाच मीटर, म्हणजे शंभर मिनिटं. ६.४० ला सुरू झालं तर ८.२० ला संपलं. याचा अर्थ ठोकळ्याच्या लांबीवर प्रत्येक मिनिटाची एक जागा ठरलेली असते. तळापासून एक मीटर म्हणजे सात वाजता गोठलेला धातू. मी हे बरोबर समजतो आहे का?

आणि दुसरं. त्या दिवशी तार मध्ये थांबली होती का? थांबली असेल तर किती वाजता? मशीन त्याची नोंद ठेवतं का?

मला झोप लागते, पण पहाटे चारला जाग येते आणि मग लागत नाही. तेव्हा अंगणात चकरा मारतो. निता म्हणते, डॉक्टरला दाखवा. दाखवण्यासारखं काही नाही. उत्तर लवकर दिलंस तर बरं होईल.

राजपाल


कारखाना वसाहत
२७ ऑक्टोबर २०२४

आदरणीय राजपालभाऊ,

अहवाल आला. तुम्हाला त्याची प्रत येईलच, पण आधी माझ्याकडून कळलेलं बरं. त्यात लिहिलं आहे की फुटलेल्या भागात मोठे दाणे दिसले, म्हणजे ओतताना तार काही काळ बंद होती, आणि त्याचं कारण ‘संबंधित ऑपरेटरचे दुर्लक्ष’. संबंधित ऑपरेटर म्हणजे आपला अमर. मी वाचलं आणि कॅन्टीनमध्ये जाऊन नुसता बसलो. चहा गार झाला.

तार कधी थांबली याची मशीनमध्ये नोंद राहत नाही. तुमचं लांबीचं गणित बरोबर आहे, मास्तर आहात शेवटी. फक्त एक गोष्ट. ठोकळ्याची कड आधी गोठते आणि मधोमध धातू बराच वेळ पातळ असतो, खोलगट भांड्यासारखा. एकाच कापात मधला भाग कडेपेक्षा सात-आठ मिनिटं मागून गोठलेला असतो. म्हणून वेळ काढायची तर कडेचे दाणे बघावे लागतात.

ठोकळ्याचे जे भाग उरले ते आता भट्टीत तापवून घेतले आहेत. त्याचे दर दहा सेंटिमीटरवर काप घेऊन दाणे मोजायला मला सांगितलं आहे. काप घासून कॉस्टिकच्या पाण्यात बुडवला की दाणे डोळ्यांनी दिसतात. दिवाळीनंतर सुरू करीन.

पण भाऊ, तुम्ही वेळ का विचारून राहिले? दोन पत्रांत तेच आहे. १३ तारखेला कोण कुठं होतं हे शोधताय असं मला वाटतं. माझ्यावर काही शंका असेल तर सरळ विचारा. मी १३ ला त्या पाळीत नव्हतोच. नऊ वर्षं एका खोलीत राहिलो आम्ही. मला अमर भाऊच होता. तुम्ही असं आडून विचारता ते मला लागतं.

जिनेश


इंझोरी
रविवार, १० नोव्हेंबर २०२४

प्रिय जिनेश,

तुझ्यावर शंका नाही. तुला तसं वाटलं ही माझी चूक आहे. मी पहिल्याच पत्रात सांगायला हवं होतं.

१३ ऑगस्टला संध्याकाळी मी अमरला फोन केला होता. माझ्या फोनमध्ये नोंद आहे. ७.१८ ला लागला, अकरा मिनिटं चालला.

कारण असं. त्याला क्वार्टर मिळालं होतं. त्यानं दिवाळीपासून चार महिन्यांसाठी आईला तिकडं न्यायचं ठरवलं आणि अकोल्याहून तिचं रेल्वेचं तिकीट काढलं. मला विचारलं नाही. मला ते त्या दिवशी आईकडून कळलं. मी झेंडावंदनाची तयारी उरकून शाळेतून उशिरा आलो होतो, हातपाय धुतले नव्हते, तसाच फोन लावला. काय बोललो ते लिहितो, म्हणजे तुला समजेल.

मी म्हणालो, ‘आईचं तिकीट काढलं म्हने तू?’

‘हो भाऊ. क्वार्टर भेटलं ना मले.’

‘मले इचारलं?’

‘तिले इचारलं.’

‘नऊ वर्सं ती इथं हाये. तवा काहून नाही सुचलं?’

‘भाऊ, धा मिनिटानं करतो. ओतनं चालू हाये.’

‘तुयं नेहमीचंच हाये ते. आता ठेवला तं पुन्हा करू नोको.’

त्यानं ठेवला नाही. पुढची दहा मिनिटं बहुतेक मीच बोललो. आईचं दुखणंखुपणं कोणी काढलं, बाबा गेले तेव्हा तू किती दिवस राहिलास, असं सगळं. तो ‘हं’ म्हणत होता. मागे कुठंतरी बारीक भोंगा वाजत होता. मला त्याचाही राग आला. शेवटी मीच फोन बंद केला.

१४ ला त्याचा फोन आला नाही. १५ ला झेंडावंदन झाल्यावर मी फोन हातात घेतला होता. पोरांना खाऊ वाटायचा होता, म्हणून राहिलं. १६ ला तुमच्याकडून फोन आला.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही, निताला नाही, आईलाही नाही.

आता गणित. ६.४० ते ७.१८ म्हणजे अडतीस मिनिटं. फोन संपला तेव्हा एकोणपन्नास. तळापासून १.९० मीटर ते २.४५ मीटर. या भागाचे काप कडेला नीट पाहा. दाणे तिथं मोठे असतील तर ते माझ्यामुळे आहेत. दुसरीकडे कुठं असतील तर तसं लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. ते मला कळेल, आणि मग मी तुझ्या कोणत्याच शब्दावर विश्वास ठेवू शकणार नाही.

राजपाल


इंझोरी
रविवार, १ डिसेंबर २०२४

प्रिय जिनेश,

मागचं पत्र मिळालं का? तीन आठवडे झाले. काप झाले नसतील तर तेवढंच कळव, एक ओळ पुरे.

राजपाल


कारखाना वसाहत
२२ डिसेंबर २०२४

राजपालभाऊ,

दोन्ही पत्रं मिळाली. काप केव्हाच झाले होते. मला लिहायला जमत नव्हतं. आजपर्यंत पाच कागद फाडले.

आधी तुम्ही विचारलं ते. कडेला १.९० पर्यंत दाणे बारीक आहेत. २.०० ला थोडे बदलतात. २.१०, २.२०, २.३०, २.४० या चारही कापांत तुरीएवढे, काही त्याहून लांबट. २.५० ला मिसळ. २.६० पासून पुन्हा बारीक, थेट वरपर्यंत. म्हणजे तार साधारण ७.२१ ला थांबली आणि ७.३० ला पुन्हा लागली. तुम्ही ऐकला तो भोंगा तारेच्या मशीनचा होता. वेटोळं संपलं की वाजतो. फोन खाली न्यायला बंदी आहे, म्हणून तो केबिनमध्ये उभा राहून बोलला असणार. तिथून मशीन दिसत नाही.

तुमचं गणित बरोबर निघालं. तुम्ही म्हणालात काही लपवू नको, नाही लपवलं.

आता मी जे लपवलं ते.

१४ तारखेला सकाळी अमर लॅबमध्ये आला. डोळे लाल होते. म्हणाला, ‘जिन्या, कालचा तीन नंबरचा ठोकळा पुढं जाऊ देऊ नोको. तार गेली होती सात-आठ मिनिटं.’

मी म्हणालो, ‘तू कुठी मेला होता?’

‘होतो तिथंच. ध्यान नोयतं.’

‘लेका, कोनाले माहीत हाये? गप बस ना.’

‘रजिस्टरात लिवलं म्या. पुढं रोलिंगमधी कोनाच्या अंगावर फुटला तं?’

तुमच्या फोनचं त्यानं मला सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही. मी दोनदा खोदून विचारलं, ‘कोनाचा फोन होता काय बे?’ तर म्हणाला, ‘मले कोन फोन करते?’ आणि हसला. रजिस्टरात त्याची नोंद आजही आहे. अहवालात ‘दुर्लक्ष’ आलं, पण ते त्यानंच लिहून दिलं होतं हे आलं नाही.

मग काप घेऊन दाणे बघायचं ठरलं. हा मिश्रधातू फार कडक असतो. ओतून झालेला ठोकळा बाहेरून गार दिसतो, पण आत ताण भरलेला असतो. कड आधी गोठून बसते, मधला भाग नंतर आकसू बघतो आणि कड त्याला आकसू देत नाही. म्हणून नियम असा की आधी भट्टीत तापवून तो ताण उतरवायचा आणि मगच करवत लावायची. भट्टीत २० तारखेपर्यंत जागा नव्हती. १७ पासून माझी रजा होती. राखीला कारंज्याला बहिणीकडे, चंदनाकडे जायचं होतं, तिकीट काढलेलं. मी करवतीच्या चिठ्ठीवर ‘तातडीचे, तसेच कापावे’ लिहिलं आणि सही केली. याआधी दोनदा असं केलं होतं, काही झालं नव्हतं.

अमर कापायच्या जागी गेला, कारण त्याला दाणे स्वतः बघायचे होते. खडूनं खूण त्यानंच केली होती, २.२० वर. मी तेव्हा विचारलं, एवढं नेमकं कसं काय? त्यानं खडू खिशात टाकला आणि निघाला. तुमचं दहा तारखेचं पत्र वाचलं तेव्हा मला कळलं. त्यानंही फोनमधली वेळ बघूनच गणित केलं होतं.

करवत अर्धी आत गेली आणि ठोकळा लांबीत फुटला. फूट तळाकडून सुरू झाली, ०.४० मीटरच्या आसपास. तिथं दाणे बारीक आहेत, चांगले आहेत. मोठ्या दाण्यांच्या भागातून ती नंतर गेली. चौकशीवाल्यांनी फुटलेल्या भागात मोठे दाणे बघितले आणि तिथंच थांबले. माझी चिठ्ठी कोणी मागितली नाही. ती माझ्याकडे आहे.

तुम्हाला वाटेल, मी तुमचं ओझं कमी करायला हे लिहितोय. म्हणून दोन तुकडे पार्सलनं वेगळे पाठवतो. मागे आकडे ठोकलेले आहेत. एक २.२० चा, एक ०.४० चा. दुसऱ्याच्या एका बाजूला फुटीची कड आहे. कॉस्टिक लावलेलंच आहे, दाणे उघड दिसतात. तुम्ही स्वतः बघा.

आता तुम्ही म्हणाल ते.

जिनेश


इंझोरी
रविवार, ५ जानेवारी २०२५

जिनेश,

सकाळी तुरीच्या शेतात जाऊन आलो. शेंगा भरल्या आहेत, आठवडाभरात कापायला येतील. दुपारी जेवण झाल्यावर लिहायला बसलो आणि आता संध्याकाळ झाली.

पत्र आधी आलं आणि पार्सल सोमवारी, ३० तारखेला. मी शाळेत होतो. आईनं ते उघडलं. मी घरी आलो तेव्हा दोन्ही तुकडे अंगणात राख आणि विटेचा भुगा लावून घासलेले, ताटासारखे चकचकीत, उन्हात उपडे ठेवलेले.

मी म्हणालो, ‘आई, हे कायले घासले?’

‘जळक्या तव्यावानी काळे होते. अमरच्या कारखान्यातून आलं ते काळंच ठेवू काय?’

‘भांडं नोय ते.’

‘मंग काय हाये? झाकन बी नाही होत त्याचं, पायलं म्या गंजावर ठेवून.’

मी दोन्ही तुकडे उचलून पाहिले. मागचे आकडे होते, पण समोरून दोन्ही सारखेच दिसत होते. दोन दिवस ते तसेच कपाटात ठेवले. खरं सांगतो, मला त्यातून सुटल्यासारखं वाटलं. तुझं लिहिलेलं मानलं तर फूट माझ्यामुळे पडली नाही, आणि तपासायला आता काही उरलं नाही. पण मग वाटायला लागलं की तू दयेपोटी लिहिलं असशील. नोकरी घालवणारी गोष्ट माणूस दयेपोटी लिहीत नाही, हे समजत होतं. तरी पहाटे चारला जाग यायची आणि तेच.

गुरुवारी कामरगावला गेलो आणि साबण करणाऱ्या एका बाईकडून कॉस्टिक आणलं. शाळेतले हातमोजे घेतले. अंगणात, वाऱ्याच्या बाजूला उभा राहून, स्टीलच्या डब्यात कोमट पाणी केलं आणि आकडे खाली करून तुकडे बुडवले. बुडबुडे आले. दहा मिनिटांनी काढले, वरची काळी साय ओल्या कापडानं पुसली. ०.४० चा तुकडा नुसता मळका करडा झाला, डोळे जवळ नेल्यावर रवाळ दिसतो, फुटीच्या कडेपर्यंत तसाच. २.२० च्या तुकड्यावर दाणे आले. एकेक वेगळा, काही उजेडात चमकणारे, तुकडा फिरवला की दुसरेच चमकणारे. मी ते मोजायला लागलो आणि मग थांबलो.

आई ओट्यावर बसून बघत होती. म्हणाली, ‘म्या एवढे उजळवले, अन तू पुन्हा काळे करून राह्यला.’

मग मी तिला सांगितलं. तेरा तारखेचा फोन, भोंगा, सगळं. तिच्याकडे न बघता सांगितलं.

ती म्हणाली, ‘मले मालूम हाये. मी इथंच बसून आयकत होती.’

‘मंग बोलली काहून नाही?’

‘तू बोलला काय?’

थोड्या वेळानं तिनं आणखी एक सांगितलं. १५ ऑगस्टला दुपारी अमरचा तिच्या फोनवर फोन आला होता. तो म्हणाला होता, भाऊ रागात आहे, तिकीट तसंच राहू दे, मी त्याला मनवतो. एवढंच. साडेचार महिने तिनं ते स्वतःजवळ ठेवलं. शेवटी उठताना म्हणाली, ‘लय बोलला तू त्याले.’ आणि आत गेली. ते खरं आहे.

आता तुझं. मला तुझा राग आला आहे. तू चिठ्ठीवर ते तीन शब्द लिहिले नसते तर तो ठोकळा वीस तारखेनंतर कापला गेला असता. मी फोन केला नसता तर तो कापायची गरजच पडली नसती. माझ्या फोननं फूट पडली नाही हे मला पटलं. माझ्या फोनमुळे ठोकळा करवतीवर गेला हेही पटलं. मला एकच उत्तर हवं होतं, पण उत्तरं दोन निघाली आणि दोन्ही खरी आहेत.

काल मी चौकशी समितीला पत्र लिहिलं. तार आठ-नऊ मिनिटं बंद होती हे मान्य केलं. ती का बंद राहिली ते लिहिलं, फोनच्या नोंदीची प्रत जोडली. ऑपरेटरनं ती चूक स्वतः रजिस्टरात लिहिली, ठोकळा पुढं जाऊ नये म्हणून स्वतः सांगितलं आणि संशयाची जागा स्वतः खुणेनं दाखवली, हे अहवालात यावं अशी मागणी केली. ‘दुर्लक्ष’ हा शब्द काढा असं म्हटलेलं नाही. तो शब्द एकटा राहू नये, एवढंच मागितलं आहे.

तुझं पत्र जोडलेलं नाही. पहिल्या वेळी तुला शब्द दिला होता, तो पाळला. पण माझं पत्र वाचल्यावर ते विचारतील की तो ठोकळा न तापवता कापायला कोणी सांगितलं. तेव्हा चिठ्ठी द्यायची की फाडायची हे तुझं तू ठरव. मी तुझ्या जागी असतो तर काय केलं असतं, मला माहीत नाही. जवळजवळ तीन महिने मी साधा एक फोन सांगू शकलो नाही. तू निदान लिहिलंस.

बाबूजींची तब्येत कशी आहे ते कळव. कारंज्याला आलास तर इकडे ये किंवा नको येऊ. आलास तर मी फार बोलीन असं नाही.

आई आणि निता सकाळच्या बसनं वाशीमला नातेवाइकांकडे गेल्या आहेत, मंगळवारी येतील. ही दोन्ही पत्रं उद्या शाळेत जाताना टाकीन. सात वाजले. तांदूळ निवडून ठेवले आहेत. आता उठतो, ते धुतो आणि कुकर लावतो.

राजपाल